कॅम्पडनची दगडी रांग: पाऊस आमच्यापेक्षा कमी, मग छप्पर एवढं उभं का?

सुमती_चिपळूण

नमस्कार मंडळी. मी इथे वाचत असते, लिहायची ही दुसरीच वेळ. सांभाळून घ्या.

सध्या मुलाकडे इंग्लंडात, स्ट्रॅटफर्डला आले आहे. गेल्या रविवारी त्यानं आम्हा दोघांना चिपिंग कॅम्पडन नावाच्या गावी नेलं. ह्यांचा शेरा एवढाच, "इथे कुणी घराला रंग देतच नाही वाटतं." सगळं गाव एकाच रंगाचं, खमंग भाजलेल्या बेसनासारखं. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडी घरांची एक लांबलचक रांग आहे. रस्त्यापासून उंच ओट्यावर, पुढे दगडी कठडा, चढायला पायऱ्या. १६१२ सालची म्हणे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अठरा वर्षं आधीची. बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या श्रीमंत माणसानं गावातल्या गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधली. सहा पुरुष आणि सहा बायका अशी सोय. आजही तिथे पेन्शनर राहतात. एका खिडकीत जिरेनियमची कुंडी होती आणि तिच्याशेजारी चष्मा काढून ठेवलेला, तो बघून मला आपण कुणाच्या तरी घरात डोकावतोय असं वाटलं आणि मी मागे सरले.

आता प्रश्न. माझं माहेरही चिपळूण आणि सासरही. जन्म कौलांखाली गेला, त्यामुळे माझी मान आधी छपराकडे वळते. तिथे कौलं नाहीत, पत्रा नाही, दगडाच्या चिपा आहेत. आणि पाखं इतकं उभं की वर चढलेला माणूस थेट रस्त्यात येईल. मुलगा म्हणाला, "आई, पावसासाठी उतार." मला पटलं नाही. इथे वर्षाला पडून पडून सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. आमच्याकडे तेवढा एकट्या जुलैत पडून वर उरतो, तरी आमचं छप्पर एवढं उभं नसतं. बरं, पावसाची एवढी काळजी, तर वळचण का नाही? भिंत संपली तिथे छप्पर संपलं! आमच्याकडे असं बांधलं तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला शेवाळ.

आणि दुसरं, याला मराठीत काय म्हणायचं? धर्मशाळा की चाळ? इंग्रजी शब्द 'अल्म्सहाउसेस' असा लिहिलेला होता.

गिरगावकर

चाळच की हो ताई. एका रांगेत बारा बिऱ्हाडं, समोर सामाईक ओटा, मालक एक. फक्त खाली नळावर भांडण नाही.

गंमत सोडा. मला याच्या जवळची वाटते ती आमच्या मुंबईतली पारशी बाग. कुलाब्याची खुसरो बाग जेरबाई वाडियांच्या दानातून उभी राहिली, आपल्या समाजातल्या बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबांना कमी भाड्यात घर मिळावं म्हणून. तिथेही दात्याचं नाव दगडात आहे आणि आत माणसं सुखानं नांदताहेत. धर्मशाळेत आपण दोन रात्री राहतो आणि पुढच्या गाडीनं जातो. इथे मरेपर्यंत राहायचं.

छपराचं मला कळत नाही. ओळंबाकाका कुठे आहेत?

निवृत्त_ओळंबा

आहे, आहे. जेवत होतो.

सुमतीताई, मुलाला सांगा आईचं बरोबर आहे. उतार पाऊस किती पडतो यावर ठरत नाही, छपरावर काय घातलंय यावर ठरतो. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मोऱ्या, रस्ते आणि इमारती केल्या, आता वर्षातले सहा महिने ईव्हशॅमला मुलाकडे असतो. तिथून कॅम्पडन नऊ-दहा मैल. ही रांग निदान पंधरा वेळा पाहिली असेल. सूनबाई विचारते, "बाबा, तिथे तुमचं कोण राहतं?"

आधी दगड. गावाच्या डोक्यावर वेस्टिंग्टनची टेकडी आहे, तिथल्या खाणीचा हा चुनखडक. भिंगाखाली धरा, बारीक गोल गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. तुम्ही चिपळूणच्या, म्हणजे गाबोळी, माशाची अंडी, सांगायला नको. अगदी तश्शी. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता, त्याच्या तळाशी हे दाणे तयार झाले, मधे मधे शिंपल्यांचे तुकडे. पिवळा रंग लोहाचा. खाणीतून काढला तेव्हा हा दगड ओला असतो आणि इतका मऊ की करवतीनं कापता येतो. वाळला की वरची कातडी टणक होते. आमच्या साताऱ्याकडच्या काळ्या पाषाणाला करवत लावून बघा, करवत संपेल. म्हणून आपल्याकडचा पाथरवट टाकीनं फोडतो आणि इथला गवंडी लाकडासारखा तासतो. खिडक्यांचे ते दगडी उभे दांडे, दारावरची चपटी टोकदार कमान, हे सगळं त्या मऊपणामुळे सोपं झालंय.

आता छप्पर. तुमचं मंगलोरी कौल साच्यातून येतं. कडेला खाच, एक दुसऱ्यात अडकतं, पाण्याला आत शिरायला वाटच ठेवत नाही. म्हणून ते पंचवीस-तीस अंशांच्या उतारावर कोकणचा पाऊस झेलतं. दगडी चीप कुठे जाड, कुठे पातळ, कुठे वाकडी. दोन चिपांत फट राहतेच आणि वारा त्या फटीतून पाणी उलटं वर ढकलतो. शिवाय हा दगड पाणी पितो. प्यालेलं पाणी रात्री गोठलं की नऊ टक्के फुगतं आणि चीप पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटायला लागते. म्हणजे पाणी छपरावर रेंगाळताच कामा नये. त्यासाठी पन्नास-पंचावन्न अंशांचा उतार. तुम्ही पाऊस मोजलात, त्यांनी गारठा मोजला.

आणि या चिपा पाडतो कोण? तोच गारठा. पलीकडे ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोन्सफील्ड गाव या कामासाठी प्रसिद्ध होतं. खाणीतून काढलेले ठोकळे थंडी येईपर्यंत ओलेच जपायचे, वाळले की वाया. कडाक्याचं हिंव पडलं की रात्री चर्चची घंटा वाजायची आणि गाव अंथरुणातून उठून दगडांवर पाणी मारायला धावायचं. आतलं पाणी गोठून थर मोकळे झाले की मग हातोडीनं अलगद चिपा सुटायच्या.

बसवतानाही हिशोब आहे. खाली वळचणीला सगळ्यात मोठ्या चिपा, वर आढ्याकडे लहान लहान होत जातात. आढ्यापाशी पाणी थोडं असतं, तिथे चार सांधे जास्त असले तरी चालतं. खाली सगळ्या पाख्याचं पाणी गोळा होतं, तिथे सांधे कमी हवेत. आणि खाणीतून निघालेली नखाएवढी चीपही फुकट जात नाही. मापांना कारागिरांनी नावं ठेवली होती, कॉक, मफिटी, बॅचलर वगैरे. लांब बॅचलर आणि आखूड बॅचलर असे दोन्ही प्रकार होते, आमच्या नोकरीतल्या बॅचलर क्वार्टर्ससारखे.

ईव्हशॅमजवळ जुन्या इमारती सामानाच्या वखारीत मी एक चीप हातात घेऊन पाहिली. पाऊण इंच जाड, वजनाला पाट्याच्या निम्मी. वरच्या टोकाला एकच भोक आणि भोकाच्या कडेला काळपट वर्तुळ, ओकच्या खुंटीनं सोडलेलं. चीप खिळ्यानं ठोकलेली नव्हती, त्या खुंटीवर रिपेला नुसती टांगलेली असायची. उलटी केली तर पाठीला चुना चिकटलेला आणि चुन्यात केस. मी आधी दचकलो. जनावराचे केस, आपण गिलाव्यात ताग घालायचो तसे घातलेले, आतून वारा येऊ नये म्हणून. दुकानदार बघत होता, मी तिथेच उभा राहून दोन केस उपसून काढले. चांगले चिवट होते.

असं छप्पर शंभर चौरस फुटांना साधारण टनभर भरतं. आता यातून घराचा आकार कसा निघतो ते बघा. उतार एवढा उभा, म्हणजे घर जितकं खोल कराल तितकं आढं आभाळात जाणार आणि वजन वाढणार. म्हणून घर एकाच खोलीइतकं खोल ठेवायचं आणि वाढवायचं ते बाजूला. झाली रांग! उभ्या छपराखाली मोठी पोकळी फुकट मिळते, तिथे वरची खोली. तिला उजेड हवा, म्हणून समोरची भिंत मधे मधे त्रिकोणात वर चढवून तिच्यात खिडकी. तुम्हाला जी नक्षी वाटते ती बरीचशी गरज आहे. लोक येतात, "काय गोड आहे" म्हणतात, फोटो काढतात आणि आइस्क्रीम खायला जातात.

वळचणीबद्दल. तुमचा जांभा पावसात भिजून चालत नाही, म्हणून तुम्ही तीन-चार फूट छप्पर पुढे काढता, खाली पडवी मिळते आणि सावली ही चैन. इथे सावली कुणाला हवी? ऊन दिसलं की खुर्च्या बाहेर काढतात. खोलीत उजेड यावा म्हणून छप्पर आखूड. मग भिंतीवरून ओघळणारं पाणी खिडकीत येऊ नये याची सोय प्रत्येक खिडकीपुरती केलीय: खिडकीच्या वर भुवईसारखी दगडी पट्टी आहे, दोन्ही बाजूंना खाली वळवलेली. पाणी तिच्यावर येतं, कडेला जातं आणि भिंतीपासून सुटून पडतं. पुढच्या वेळी पावसात जा आणि फक्त तेवढंच बघा.

स्लाउकर

काका, दंडवत.

सुमतीताई, उच्चार साधारण 'आम्झहाऊस' असा आहे, मधला 'ल' लिहायचा पण बोलायचा नाही. मी इथे येऊन सहा वर्षं 'अल्म्स' म्हणत होतो आणि ऑफिसात कुणी सुधारलं नाही, इंग्रज माणूस सभ्य असतो तो असा.

मी राहतो तिथून जवळ ब्रे नावाचं गाव आहे. तिथलं जीझस हॉस्पिटल बघा. नाव हॉस्पिटल, पण डॉक्टर नाही. जुन्या अर्थानं पाहुणचाराची जागा. विल्यम गॉडर्ड नावाच्या लंडनच्या मासळी व्यापाऱ्यांच्या संघातल्या माणसानं १६०९ साली यासाठी पैसा नेमून दिला, बांधलं गेलं १६२७ ला. दगड नाही, लाल विटा. आणि रांग सरळ नाही, चौकाभोवती फिरवलेली, आपल्या वाड्यासारखी. दारावर गॉडर्डसाहेब स्वतः पुतळा होऊन उभे आहेत. फ्रेडरिक वॉकरनं १८७२ साली या चौकाचं चित्र काढलं, ते टेट संग्रहालयाकडे आहे.

त्याहून जुनं हवं तर ऑक्सफर्डशायरमध्ये यूएल्म. १४३७ चं, तेरा गरीब पुरुषांसाठी. बांधणारी ॲलिस चॉसर आणि तिचा नवरा. ही ॲलिस म्हणजे कवी जेफ्री चॉसरची नात. तिथेही विटाच, आणि त्या काळी इंग्लंडात वीट ही नवलाई होती. शेजारी त्यांनीच काढलेली शाळा आहे. परवा गेलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती, निळ्या स्वेटरमधली पोरं बाहेर आरडाओरडा करत होती. पावणेसहाशे वर्षांची शाळा, आणि गेटवर हरवलेल्या डब्याची चिठ्ठी.

माझा प्रश्न ओळंबाकाकांना: यूएल्म आणि ब्रे चौकात तोंड करून बसलेत, कॅम्पडन मात्र रस्त्याकडे तोंड करून. का?

गिरगावकर

उत्तर मी देतो. पाटी दिसायला हवी म्हणून. दानाचा चेहरा रस्त्याकडे. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहितात, तर हा तर सबंध रस्ता. हिक्ससाहेबांचं कुलचिन्ह दर्शनी भिंतीवर आहेच ना? मधोमध?

निवृत्त_ओळंबा

आहे, आणि बरोबर पकडलंत. पण एवढ्यावर सोडू नका.

यूएल्मच्या काळात म्हाताऱ्यांना फुकट राहायला मिळत नसे. काम नेमून दिलेलं होतं: रोज ठरलेल्या वेळी चर्चमध्ये जाऊन दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. म्हणून तिथली इमारत चर्चला चिकटलेली आहे, तिथले लोक न भिजता जिन्यावरून थेट आत जाऊ शकतात. त्याहून जुनी तऱ्हा बघायची तर चिचेस्टरचं सेंट मेरी. एकच प्रचंड लाकडी दालन, शेवटी प्रार्थनेची जागा, आणि दोन्ही बाजूंना म्हाताऱ्यांची जागा. मूळची आपल्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डासारखी सोय, रात्रभर एकमेकांचा खोकला ऐकायचा. पुढे तिथेही आतल्या आत छोट्या छोट्या खोल्या पाडल्या.

मग आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० या चार वर्षांत मठ मोडले. मठांबरोबर त्यांचे दवाखाने आणि अन्नदान गेलं. मृतात्म्यासाठी प्रार्थना करून घेणंही नव्या धर्ममतात बसेना. गरीब मात्र होते तिथेच राहिले. १६०१ साली राणी एलिझाबेथच्या राज्यात गरिबांचा भार गावावर टाकणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी धर्मादाय निधीच्या वापरावर देखरेखीचा दुसरा. त्यानंतर दाते झाले ते व्यापारी. हिक्स हा लंडनचा कापडवाला, रेशमाचा धंदा, जेम्स राजाला कर्ज देण्याइतका पैसा. १६०३ ला 'सर' झाला, मरायच्या आदल्या वर्षी, १६२८ ला, व्हायकाउंट. आत्म्याची प्रार्थना बंद, मग दर्शनी भिंतीवर चिन्ह, गिरगावकर. घ्यायचं काहीतरी लागतंच माणसाला.

रांगेचा खर्च हजार पौंड झाला असं गावात सांगतात. आणखी एक सांगतात, की तिचा आराखडा इंग्रजी 'आय' अक्षरासारखा आहे, कारण जेम्सचं लॅटिन नाव त्या अक्षरानं सुरू होतं. मला हसू येतं. राजा घारीवर बसून वरून बघणार होता की काय?

मला हिक्सचं खरं कौतुक आहे ते दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही पाटीवर नाहीत. पहिली म्हणजे पाणी. वेस्टिंग्टनच्या टेकडीवर झऱ्यावर बांधलेली त्याची छोटी दगडी खोली अजून उभी आहे, तिथून पाणी खाली रांगेपर्यंत आणलं. १६१२ साली गरिबांच्या वस्तीला उताराचं पाणी! मी नोकरीत किती गावांच्या नळयोजना पाहिल्या, टाकी आधी बांधतात आणि उगम नंतर शोधतात.

दुसरी धुराडी. आढ्यावर बघा, धुराड्यांचे जुडगेच्या जुडगे उभे आहेत. धुराडं म्हणजे चूल. ज्याची त्याची चूल, ज्याचं त्याचं दार. चिचेस्टरच्या दालनापासून इथपर्यंत हाच प्रवास झाला: गरीब माणसाला रात्री दार लावून घेता येऊ लागलं. दार रस्त्याकडे उघडलं की तो कुणाच्या चौकातला आश्रित वाटत नाही, गावातला घरवाला वाटतो. स्लाउकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. गिरगावकरांचं उत्तरही खोटं नाही. कायद्यानं मात्र तो भाडेकरू नाही बरं का, आजही नाही. तो भाडं देत नाही, देखभालीचा वाटा देतो, आणि संस्थेच्या कृपेनं राहतो. देशभरात अशा सोळाशेच्या वर संस्था आहेत आणि छत्तीस हजारांच्या आसपास माणसं त्यांत राहतात.

हिक्सनं स्वतःसाठी शेजारीच मोठा वाडा बांधला होता. १६४५ मध्ये यादवी युद्धात राजाच्याच सैन्यानं निघताना तो पेटवला, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. प्रवेशद्वार, टोकाची दोन मेजवानीघरं आणि एक भिंतीचा भाग, मुख्यतः एवढंच उरलंय.

समोरच्या बाजूला रस्त्यालगत खोलगट फरसबंदी हौद दिसला असेल. तो गाड्या धुण्यासाठी. चाकांचं लाकूड वाळून आकसलं की लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाकं पाण्यात उभी करायची. आपले गाडीवान उन्हाळ्यात ओढ्यात गाडी घालत तसं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती या भिंतीपाशी उभं राहिल्यावर मला कळली. नोकरीत असताना एक जुना दगडी बंगला माझ्याकडे दुरुस्तीला आला. चुन्याच्या घाणीत दळलेल्या चुन्यात बांधलेला, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, झिजलेल्या. मी त्या सगळ्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या, वर रेघा ओढून. उद्घाटनाला साहेबांनी पाठ थोपटली. तीन वर्षांत आतला गिलावा कमरेपर्यंत ओला. भिंत पूर्वी दरजेतून श्वास सोडायची, मी तिचं नाकतोंड बांधलं होतं. काळा पाषाण होता म्हणून दगड तरी वाचला. या मऊ पिवळ्या दगडात तेच केलं की पाणी दरजेतून निघत नाही, दगडातून निघतं, गोठतं, आणि दगडाचा चेहरा गळून पडतो. सिमेंटची जाळी मात्र शाबूत राहते, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी. गावात काही खाजगी घरांना हे झालेलं दाखवीन. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ हवी. झिजायचं तर तिनं झिजावं, ती पुन्हा भरता येते.

ताई, परत गेलात तर मैलभरावरच्या ब्रॉड कॅम्पडनलाही जा. लंडनचा ॲशबी नावाचा वास्तुकार १९०२ साली आपल्या कारागीरमंडळींना बायकापोरांसकट घेऊन कॅम्पडनला आला होता, हातकामावर जगू म्हणून. १९०८ ला दिवाळं निघालं. पण त्यानं तिथलं एक पडकं नॉर्मन प्रार्थनाघर राहण्याजोगं करून दिलं ते आनंद कुमारस्वामींना. भारतीय कलेवर पुढे ज्यांचा शब्द प्रमाण झाला, तेच. सिंहली कारागिरीवरचा ग्रंथ त्यांनी त्याच काळात तिथल्या हातछापखान्यावर छापून काढला. खाजगी घर आहे, रस्त्यावरूनच बघा.

सुमती_चिपळूण

ओळंबाभाऊ, किती लिहिलंत! ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांना धुराड्यांचं पटलं, मला भुवईचं.

काल पाऊस होता, मुलाला सुट्टी होती, म्हणून मुद्दाम पुन्हा गेलो. छत्री धरून कठड्याबाहेर अर्धा तास उभी होते. अगदी तुम्ही म्हणालात तसं. पाणी पट्टीवर येतं, थोडा वेळ कडेला धरून राहतं, मग टप्प. खिडकीची काच कोरडी होती. चष्मा जागेवर नव्हता, म्हणजे आजी-आजोबा कुणी असतील ते वाचत असतील. एका दारातून एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन आल्या, मला म्हणाल्या, आत्ता काय बघताय, ऊन पडल्यावर या. मी म्हटलं, मला पाऊसच बघायचाय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं.

पण तुमच्या चुकीची गोष्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला. चिपळूणचं माहेरचं घर जांभ्याचं, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. अण्णानं, म्हणजे माझ्या भावानं, याच महिन्यात दरजा सिमेंटनं भरायला गवंडी ठरवलाय. रात्रीच फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते, तो घाबरून उठला, त्याला वाटलं इकडे कुणाचं काही झालं. मी म्हटलं, कुणाचं काही झालं नाही, सिमेंट आणू नकोस. तो म्हणतो दोन पोती येऊन पडलीत. आता काय करायचं?

निवृत्त_ओळंबा

पोती संडासाच्या टाकीला वापरा.

भिंतीसाठी आधी बघा तिथे मूळ काय आहे. दरजेतला सुटलेला तुकडा काढून फोडायला सांगा. नुसती माती असेल तर मातीच, तिला चुना जोडायचा. चुना असेल तर कोकणात किनाऱ्याजवळ बहुतेक शिंपले भाजून केलेला असायचा. नीट न भाजलेला एखादा शिंपला आत तसाच राहून जातो, तो दिसला की ओळख पटली. मग चुनकळी आणून पिंपात पाण्याखाली विरवायची. उकळी फुटते, उडतं, डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा. आणि घाई करायची नाही, किमान तीन महिने पाण्याखाली राहू दे. म्हणजे या पावसाळ्यात काम होत नाही. दिवाळीनंतर.

गवंडी "चुन्यात दम नाही" म्हणेल. म्हणू द्या.

सुमती_चिपळूण

अण्णानं फोटो पाठवलाय. पश्चिमेच्या भिंतीतला तुकडा, आतून पांढरा, आणि मधे एक शिंपला आहे. अख्खा. करंगळीच्या नखाएवढा.